सातपूर ते स्टुटगार्ट : अर्थमासिकातील बातम्यांची पडताळणी वही (प्रकल्प नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२५)

५ जुलै २०२५, शनिवार

कामाची व्याप्ती ठरली. अर्थमासिकात किंवा वृत्तपत्राच्या अर्थपानावर जागतिक कंपनीबद्दल बातमी आली की ती कंपनीच्या मूळ कागदाशी पडताळायची आणि एक्सेलच्या एका ओळीत नोंदवायची. शेअर घ्यायचा की विकायचा हा प्रश्न त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात, त्याआधी नाही.

जगभरच्या कंपन्या घेतल्या तर वही महिन्याभरात बंद पडेल. म्हणून सुरुवात नाशिकमध्ये ज्यांचे कारखाने आहेत त्यांच्यापासून: बॉश (सातपूर), एबीबी, सीमेन्स, जीएसके (अंबड), टीडीके (जुने एपकॉस), एपिरॉक, सॅमसोनाइट (गोंदे) आणि दिंडोरीची शँडन वायनरी, म्हणजे फ्रान्सची एलव्हीएमएच (चैनीच्या वस्तूंचा गट). त्यांच्या जोडीला पद्धत घासून बघण्यासाठी ॲपल, वॉलमार्ट, बर्कशायर हॅथवे. या तिघांचे कागद सर्वांत सोपे मिळतात.

रकाने नऊ: बातमीची तारीख, कंपनीचे पूर्ण कायदेशीर नाव, शेअर कुठे नोंदलेला, हिशेबाचा कालावधी, चलन व एकक, वाढ-घट कशाच्या तुलनेत, मूळ कागद व पान, बातमी आणि कागद यांतला फरक, निर्णय. निर्णयाच्या रकान्यात तीनच शब्द चालतील: ‘बदल नाही’, ‘पुन्हा पाहा’, ‘कृती’.

६ जुलै, रविवार

दुसरा रकाना भरतानाच पहिली मोठी अडचण. बातमीत नुसते ‘बॉश’ असते. पण बॉश दोन. जर्मनीची रॉबर्ट बॉश जीएमबीएच कुठल्याही शेअर बाजारात नोंदलेली नाही. तिचे सुमारे ९४ टक्के भांडवल रॉबर्ट बॉश श्टिफ्टुंग या धर्मादाय संस्थेकडे आहे. तिचा शेअर विकत मिळतच नाही. मुंबई बाजारात मिळतो तो बॉश लिमिटेडचा, ज्यात जर्मन गटाचा वाटा ७० टक्क्यांच्या थोडा वर आहे. सातपूरचा कारखाना या दुसऱ्या कंपनीचा. जर्मनीतल्या बातमीवर इथला शेअर विकणे म्हणजे काकांच्या घरचे दुखणे ऐकून पुतण्याला औषध देण्यासारखे. रक्ताचे नाते आहे, म्हणून विचारपूस करायची. पण नाडी पुतण्याचीच बघायची.

बाकीच्यांचीही हीच तऱ्हा:

एबीबी: स्वित्झर्लंडची एबीबी लिमिटेड वेगळी, एबीबी इंडिया वेगळी (मूळ कंपनीचा वाटा ७५ टक्के).

जीएसके: लंडनची जीएसके पीएलसी आणि भारतातली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन फार्मास्युटिकल्स, इथेही ७५ टक्के. शिवाय ईनो, क्रोसिन, सेन्सोडाइन हे सगळे जुलै २०२२ मध्ये वेगळ्या झालेल्या हॅलिऑनकडे गेले. अजून लोक ईनोच्या पुडीवरून जीएसकेचा अंदाज बांधतात.

एपिरॉक: २०१८ मध्ये ॲटलास कॉप्कोतून फुटून निघाली. नाशिकमध्ये अजून सवयीने ‘ॲटलास’च म्हणतात. खाणकामाच्या यंत्रांची बातमी वाचून ॲटलास कॉप्को उघडले तर सात वर्षे जुन्या पत्त्यावर पत्र टाकल्यासारखे होईल. एपिरॉकचे अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. ब वर्गाला एक दशांश मत.

सीमेन्सचे सर्वांत गुंतागुंतीचे, त्याला वेगळी नोंद.

१२ जुलै, शनिवार

सीमेन्स. जर्मनीत सीमेन्स एनर्जी सप्टेंबर २०२० मध्ये वेगळी नोंदली गेली. भारतात हेच विभाजन २०२५ मध्ये झाले: रेकॉर्ड डेट (त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर, त्यांनाच नवा शेअर) ७ एप्रिल, एका शेअरमागे एक शेअर, आणि सीमेन्स एनर्जी इंडियाचा शेअर बाजारात आला १९ जूनला. मधले दहा आठवडे डिमॅट खात्यात सीमेन्सचा भाव निम्म्याच्या आसपास आलेला आणि दुसरा शेअर अजून खरेदी-विक्रीला न खुललेला, अशी स्थिती होती. ज्या ॲपमध्ये जुने भाव विभाजनानुसार सुधारले जात नाहीत तिथे आलेखात सरळ कडा तुटलेला दिसतो. तो तोटा नव्हे.

वहीत उपाय: विभाजन, स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर होणे), बोनस यांचे वेगळे पान. खरेदी किंमत दोन कंपन्यांत कोणत्या प्रमाणात वाटायची हे कंपनी नंतर पत्र काढून कळवते. ते पत्र जपून ठेवायचे, कारण विक्रीच्या वर्षी करासाठी तोच आधार.

त्याच पानावर अमेरिकी स्प्लिट चढवले: अल्फाबेट २० ला १ (जुलै २०२२), ॲमेझॉन २० ला १ (जून २०२२), वॉलमार्ट ३ ला १ (फेब्रुवारी २०२४), एनव्हिडिया १० ला १ (जून २०२४). मासिकाचा जुना अंक हाताशी घेऊन त्यातली प्रति शेअर मिळकत आजच्या भावाशी भागली तर एनव्हिडिया दहापट स्वस्त निघेल. जुन्या अंकातला प्रति शेअर आकडा आधी स्प्लिटने भागायचा, मगच पुढची गणिते.

१३ जुलै

कालावधीचा रकाना. ही यादी भिंतीवर लावण्यासारखी आहे, कारण ‘२०२४’ म्हटले की प्रत्येकाचे २०२४ वेगळे.

एबीबी इंडिया, जीएसके पीएलसी, एलव्हीएमएच, एपिरॉक, सॅमसोनाइट: जानेवारी ते डिसेंबर.
बॉश लिमिटेड, जीएसके फार्मा (भारत), टीडीके: एप्रिल ते मार्च.
सीमेन्स एजी (जर्मनी): ऑक्टोबर ते सप्टेंबर.
वॉलमार्ट: ३१ जानेवारीला वर्ष संपते. त्यांचे ‘वित्तीय वर्ष २०२५’ म्हणजे जवळजवळ सगळे २०२४.
ॲपल: सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. त्यामुळे दर पाच-सहा वर्षांनी एक वर्ष ५३ आठवड्यांचे येते. २०२३ तसे होते. त्याच्या पुढच्या वर्षाची वाढ मोजताना एक आठवडा जास्तीचा धरलेला असतो हे विसरले जाते.

एलव्हीएमएच पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीला फक्त विक्री जाहीर करते. नफा सहा महिन्यांनी एकदाच. ऑक्टोबरात तिच्या तिमाही नफ्याबद्दल कुणी काही लिहिले तर तो अंदाज आहे, आकडा नाही.

२० जुलै, रविवार

एकके. छोटी नोंद, पण चुका सर्वांत जास्त इथेच.

इंग्रजी बिलियन म्हणजे आपला अब्ज, म्हणजे १०० कोटी. ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. जर्मन कागदात ‘मिलियार्डे’ म्हणजे अब्ज आणि जर्मन ‘बिलिओन’ म्हणजे थेट १ लाख कोटी. यांत्रिक अनुवादात हे दोन शब्द अदलाबदल झालेले सापडतात. जपानी मजकुरात ‘ओकु’ म्हणजे १० कोटी, ‘चो’ म्हणजे १ लाख कोटी. टीडीकेचे इंग्रजी निकालपत्र दशलक्ष येनमध्ये असते, त्यामुळे शून्ये मोजण्यापेक्षा तक्त्याच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात छापलेले एकक आधी वहीत उतरवायचे, मग आकडा.

सवय लावलेली एक ओळ: अब्ज डॉलर × रुपयाचा दर × १०० = कोटी रुपये. म्हणजे दर समजा ८६ असेल तर १ अब्ज डॉलर = ८,६०० कोटी रुपये. उत्तर याच्या आसपास नसेल तर शून्य कुठेतरी सांडले आहे.

२६ जुलै, शनिवार

एलव्हीएमएचचे सहामाही निकाल २४ तारखेला आले. विक्री ३९.८ अब्ज युरो, ४ टक्के घट. निव्वळ नफा ५.७ अब्ज युरो, २२ टक्के घट. विक्री चारने आणि नफा बावीसने का? दुकानांचे भाडे, पगार, जाहिरात हा खर्च विक्रीबरोबर खाली येत नाही. महागड्या वस्तूंच्या धंद्यात कच्च्या मालाचा वाटा कमी आणि दुकान चालवण्याचा वाटा जास्त, त्यामुळे विक्री जरा हलली की नफा दणकन हलतो. बातमीत फक्त २२ चा आकडा होता; वहीत दोन्ही शेजारी लिहिले.

नाशिकच्या दृष्टीने महत्त्वाचे: २०२४ मध्ये गटाच्या ८४.७ अब्ज युरो विक्रीत वाइन आणि मद्याचा वाटा सुमारे ७ टक्के. त्यात कोन्याक आहे, शँपेन आहे, आणि कुठेतरी दिंडोरीही आहे. दिंडोरीची ओळ अहवालात वेगळी दिसत नाही, दिसणारही नाही. नाशिकची द्राक्षे कशीही पिकोत, त्यावरून या शेअरचे मोजमाप होत नाही. जवळचे म्हणून ओळखीचे वाटणे आणि हिशेबात वजन असणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, म्हणून ‘गटातील वाटा’ हा दहावा रकाना आज वाढवला.

२ ऑगस्ट, शनिवार

जीएसके. या प्रकल्पात आतापर्यंत सर्वांत जास्त शिकवणारा कागद. २०२४ च्या वार्षिक निकालात परिचालन नफ्याबद्दल (धंद्यातला, व्याज व कराआधीचा नफा) एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे चार आकडे आहेत आणि चारही खरे:

घट ४० टक्के. घट ३३ टक्के. वाढ ४ टक्के. वाढ ११ टक्के.

पहिले दोन ‘एकूण’ नफ्याचे (२०२३ चे सुमारे ६.७ अब्ज पौंड २०२४ मध्ये सुमारे ४ अब्जांवर आले), पुढचे दोन ‘कोअर’ नफ्याचे (सुमारे ८.८ वरून ९.१ अब्ज). एकूण नफ्यात झँटॅक या औषधाच्या अमेरिकेतील खटल्यांच्या तडजोडीचा १.८ अब्ज पौंडांचा खर्च धरलेला आहे. कोअरमध्ये तो आणि तसले इतर खर्च बाजूला काढलेले. आणि प्रत्येक जोडीतला फरक चलनाचा: एक आकडा प्रत्यक्ष पौंडातला, दुसरा आधीच्या वर्षाचे विनिमय दर कायम धरून काढलेला. विक्रीचेही तसेच, ३ टक्के किंवा ७ टक्के.

संपादकाला मथळ्यात एकच आकडा बसवता येतो. त्याला दोष नाही. पण ‘नफा ४० टक्क्यांनी कोसळला’ आणि ‘नफ्यात ११ टक्के वाढ’ हे दोन मथळे एकाच आठवड्यात दोन मासिकांत दिसू शकतात, आणि वाचणारा एकाला खोटे ठरवून मोकळा होतो.

पडताळणीची कृती अशी बसवली:

पहिल्या पानावरचा ठळक आकडा सोडून ‘एकूण ते कोअर’ असा जुळवणीचा तक्ता शोधायचा. प्रत्येक वगळलेला खर्च स्वतंत्र ओळीत असतो. मग मागची पाच वर्षे तोच तक्ता काढायचा. एखादा ‘एकवेळचा’ खर्च पाचपैकी चार वर्षांत आला असेल तर तो एकवेळचा नाही, तो धंद्याचा खर्च आहे. पुन्हा नफ्यातून वजा करायचा. पुनर्रचनेचा खर्च या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होतो. खटल्याची तडजोड पास होऊ शकते, पण तिचे पैसे पुढच्या वर्षात प्रत्यक्ष बाहेर जातात, म्हणून रोख प्रवाह पत्रकात पुढचे वर्षभर लक्ष ठेवायचे.

वगळून दाखवलेला नफा वाचू नये, असे नाही. वर्षांची तुलना करताना तोच उपयोगी. पण डिव्हिडंड खऱ्या पैशातूनच जातो.

३ ऑगस्ट

सॅमसोनाइटवर हीच कृती. २०२४ ची विक्री ३,५८८.६ दशलक्ष डॉलर, आधीच्या वर्षी ३,६८२.४. म्हणजे २.५ टक्के घट. स्थिर चलनात जवळपास जैसे थे. कंपनी हिशेब डॉलरमध्ये लिहिते पण बॅगा विकते रुपयात, येनमध्ये, युरोत. डॉलर वधारला की विकलेल्या बॅगा तेवढ्याच असून आकडा खाली. शेअर हाँगकाँगमध्ये, भाव हाँगकाँग डॉलरमध्ये, हिशेब अमेरिकी डॉलरमध्ये. प्रति शेअर मिळकत भावाशी भागताना हे दोन डॉलर मिसळले की शेअर आठपट महाग दिसतो. हाँगकाँग डॉलर ७.७५ ते ७.८५ या पट्ट्यात अमेरिकी डॉलरशी बांधलेला आहे, त्यामुळे दुरुस्ती सोपी.

१० ऑगस्ट, रविवार

ॲपल, वित्तीय वर्ष २०२४. मुद्दाम जुने, संपूर्ण वर्ष घेतले. कागद मिळवण्याची रीत लिहून ठेवण्यासाठी.

अमेरिकी नियामकाच्या ‘एडगर’ या संकेतस्थळावर सर्व कागद फुकट. वार्षिक अहवाल १०-के, तिमाही १०-क्यू, महत्त्वाची घटना ८-के (घटनेपासून चार कामकाजाच्या दिवसांत), परदेशी कंपनीचा वार्षिक २०-एफ. मोठ्या अमेरिकी कंपनीला १०-के वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत द्यावा लागतो, परदेशी कंपनीला २०-एफ साठी चार महिने. उघडण्याचा क्रम: मुखपृष्ठ (पूर्ण नाव, वर्ष कधी संपले, शेअरची संख्या), मग आयटम ८ मधले रोख प्रवाह पत्रक, मग टिपा, आणि शेवटी आयटम ७ मधले व्यवस्थापनाचे विवेचन. उलट क्रमाने वाचले की व्यवस्थापनाची भाषा डोक्यात बसते आणि आकडे त्याच चष्म्यातून दिसतात.

आता बातमी: ‘ॲपलचा नफा घटला.’ खरे आहे. ९७.० अब्ज डॉलरवरून ९३.७, सुमारे ३.४ टक्के घट. पण परिचालन नफा ११४.३ वरून १२३.२ अब्ज, म्हणजे वाढ. मधे काय झाले? कराची टीप उघडली. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयर्लंडमधील जुन्या कराचा निकाल ॲपलविरुद्ध दिला आणि १०.२ अब्ज डॉलर एकरकमी खर्ची पडले. प्रभावी कराचा दर १४.७ वरून २४.१ टक्क्यांवर गेला. ते बाजूला ठेवले तर नफा सुमारे १०३.९ अब्ज, म्हणजे ७ टक्के वाढ. आणि तीही आधीचे वर्ष ५३ आठवड्यांचे असताना.

आणखी एक थर. निव्वळ नफा ३.४ टक्क्यांनी कमी, पण प्रति शेअर मिळकत ६.१३ वरून ६.०८ डॉलर, म्हणजे घट एक टक्क्याहूनही कमी. कारण बायबॅक: त्या वर्षी सुमारे ९५ अब्ज डॉलरचे शेअर कंपनीने परत घेतले, भागणाराच लहान झाला. प्रति शेअर वाढ दिसली की तिचे दोन तुकडे करायचे, धंद्यातून किती आणि भागणारा घटल्याने किती. भारतीय मासिकांत जागतिक कंपन्यांबद्दल लिहिताना हा दुसरा तुकडा बहुधा सुटतो, कारण आपल्याकडे एवढ्या प्रमाणात बायबॅक होत नाही.

वेळेची टीप: न्यूयॉर्कचा बाजार उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी ७ ते रात्री १.३०, हिवाळ्यात ८ ते २.३०. मोठे निकाल बाजार बंद झाल्यावर येतात. म्हणजे नाशिकमध्ये सकाळी चहाबरोबर जो भाव दिसतो तो निकालाआधीचा असू शकतो.

१७ ऑगस्ट

बर्कशायर, म्हणजे स्वतःच्या धंद्यांबरोबर इतर कंपन्यांचे शेअरही मोठ्या प्रमाणात बाळगणारा अमेरिकी गट. २०२२ मध्ये २२.८ अब्ज डॉलरचा तोटा, २०२३ मध्ये ९६.२ अब्जचा नफा. परिचालन नफा मात्र ३०.८ आणि ३७.४ अब्ज. २०१८ पासून अमेरिकी नियमाप्रमाणे हातातल्या शेअरच्या भावातला चढउतार, विक्री झाली नसली तरी, नफा-तोटा पत्रकात येतो. या कंपनीच्या निव्वळ नफ्याचा मथळा वहीत घेऊच नये. ओळ बंद.

२४ ऑगस्ट, रविवार

जुलैअखेर आलेली फॉर्च्यूनची ५०० जागतिक कंपन्यांची यादी. वॉलमार्ट पुन्हा पहिली. यादीचा क्रम विक्रीवर लागतो, बाकी कशावर नाही. वॉलमार्टची विक्री ६८१ अब्ज डॉलर, निव्वळ नफा १९.४ अब्ज, शंभर डॉलरच्या विक्रीमागे तीन डॉलरपेक्षा किंचित कमी. फोर्ब्जची २००० कंपन्यांची यादी विक्री, नफा, मालमत्ता आणि बाजारमूल्य चारही धरते, म्हणून तिथे बँका वर येतात. दोन्ही याद्यांतले क्रमांक शेजारी लिहिण्यात काही अर्थ नाही.

यादी वापरताना तीन अडचणी. एक, ३१ मार्चपर्यंत संपलेले वर्ष धरले जाते, त्यामुळे मार्चला वर्ष संपवणाऱ्या जपानी कंपनीचे मार्च २०२५ आणि सीमेन्सचे सप्टेंबर २०२४ एकाच रांगेत. दोन, सगळे डॉलरमध्ये सरासरी दराने फिरवलेले. रुपया घसरला की भारतीय कंपनीची विक्री रुपयात वाढूनही क्रमांक उतरू शकतो आणि इथे मथळा येतो ‘भारतीय कंपन्यांची घसरण’. तीन, यादीत असणे म्हणजे शेअर मिळणे नव्हे. जर्मन बॉश यादीत असते. चीनची स्टेट ग्रिड तर पहिल्या पाचांत असते. दोन्ही बाजारात नाहीत.

यादीचा खरा उपयोग: एखाद्या क्षेत्रात आपल्याला माहीत नसलेली मोठी कंपनी कोणती ते कळते. त्यासाठी ती दरवर्षी चाळावी.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी, मुंबई बाजार बंद. वहीच्या प्रती काढून ठेवल्या: एक पेन ड्राइव्हवर, एक ईमेलवर. प्रत्येक मूळ कागदाची पीडीएफ बातमीच्या तारखेच्या नावाने जपली, कारण कंपन्या संकेतस्थळ बदलतात आणि जुने दुवे मरतात.

६ सप्टेंबर, शनिवार

विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबर. परदेशी शेअर असलेल्यांसाठी वहीतले पान पूर्ण केले.

पैसे पाठवणे: एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली माणशी वर्षाला २.५ लाख डॉलर. १ एप्रिल २०२५ पासून वर्षातले १० लाख रुपये ओलांडले की गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँकेने गोळा केलेला कर). तो कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. बँकेचा विनिमय दरातला फरक आणि पाठवणीचे शुल्क खरेदी किमतीशेजारी वेगळे लिहायचे; छोट्या रकमा वारंवार पाठवल्या की ठरावीक शुल्कच परताव्याचा लचका तोडते.

डिव्हिडंड: अमेरिकेत डब्ल्यू-८ बेन हा अर्ज भरलेला असेल तर २५ टक्के कापून मिळतो. १०० डॉलर जाहीर झाले, ७५ हातात आले. उत्पन्न १०० दाखवायचे आणि २५ चे श्रेय फॉर्म ६७ भरून घ्यायचे. ७५ दाखवणे ही नेहमीची चूक. त्यात उत्पन्नही कमी दाखवले जाते आणि श्रेयही जाते. रुपयाचा दर स्टेट बँकेचा टीटी बाइंग (परकीय चलन विकत घेण्याचा दर), डिव्हिडंडच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. डब्ल्यू-८ बेन सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस संपतो. नूतनीकरण राहिले की ३० टक्के कापले जातात.

शेड्यूल एफए (विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता): इथे आर्थिक वर्ष नाही, कॅलेंडर वर्ष. या वेळी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४. फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतलेला शेअर यंदाच्या एफएमध्ये येत नाही; नोव्हेंबर २०२४ मध्ये विकलेला येतो. एक शेअर असला तरी आयटीआर-१ चालत नाही. वर्षातली सर्वोच्च किंमत लागते, म्हणून दर महिन्याला ब्रोकरचे पत्रक उतरवून ठेवलेले बरे. शेवटच्या आठवड्यात शोधणे जिकिरीचे होते.

दोन वर्षांपेक्षा जास्त धरलेल्या परदेशी शेअरवर दीर्घकालीन कर १२.५ टक्के, त्याआत विकला तर आपल्या स्लॅबप्रमाणे. आणि ज्या गोष्टीबद्दल मासिके क्वचितच लिहितात ती: अमेरिकी कंपन्यांचे शेअर ६० हजार डॉलरच्या वर असतील आणि धारकाचा मृत्यू झाला तर अमेरिकी वारसा कर लागू होऊ शकतो, कमाल ४० टक्के. त्याबाबत भारत-अमेरिका करार नाही. घरच्यांना खाते कुठे आहे हे माहीत असणे यासाठीही गरजेचे.

भारतातूनच नॅस्डॅकचे ईटीएफ (बाजारात शेअरसारखे विकले जाणारे निर्देशांक फंड) घेणाऱ्यांसाठी एक ओळ: परदेशी गुंतवणुकीची उद्योगव्यापी मर्यादा भरल्याने नवे युनिट तयार होत नाहीत, मागणी मात्र असते, त्यामुळे बाजारभाव आतल्या मालमत्तेपेक्षा चढा राहतो. ऑर्डर टाकण्याआधी फंडाच्या संकेतस्थळावरचा आय-नॅव्ह (आतल्या मालमत्तेची चालू किंमत) बघायचा.

१४ सप्टेंबर, रविवार

पद्धतीची उलटतपासणी. जुने गाजलेले मथळे घेतले आणि त्या दिवशी मूळ कागद काय सांगत होता ते पाहिले.

एन्रॉन (अमेरिकी ऊर्जा कंपनी): फॉर्च्यूनने १९९६ ते २००१ सलग सहा वर्षे तिला अमेरिकेतील सर्वांत नावीन्यपूर्ण कंपनी म्हटले. २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरी. कागद: १९९९ ची विक्री ४० अब्ज डॉलर, २००० ची १०० अब्ज. निव्वळ नफा ८९३ दशलक्षवरून ९७९. विक्री अडीचपट, नफा दहा टक्केसुद्धा वाढला नाही. टिपांमध्ये कंपनीच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याच्या भागीदारी संस्थांशी व्यवहार नोंदलेले होते. इथे वही कामी आली असती. हेही लिहायला हवे की मार्च २००१ मध्ये एन्रॉनचा भाव अवाजवी आहे का हा प्रश्न त्याच फॉर्च्यूनमध्ये विचारला गेला होता.

समभागांचे मरण: बिझनेस वीकचे मुखपृष्ठ, ऑगस्ट १९७९. आज सगळे हसतात. पण डाऊ निर्देशांक तेव्हा ८७५ च्या आसपास होता आणि तीन वर्षांनी, १२ ऑगस्ट १९८२ ला, ७७६.९२. तीन वर्षे मथळा चुकीचा ठरला नव्हता. तेजी त्यानंतर सुरू झाली.

नोकिया: फोर्ब्ज, नोव्हेंबर २००७, मोबाइलच्या राजाला कोण गाठणार असा सूर. इथे वही हरते. नोकियाचे २००७ चे कागद उत्तम होते: ५१ अब्ज युरो विक्री, ७.२ अब्ज नफा. आयफोन पाच महिन्यांपूर्वी आलेला होता. कुठल्याही टिपेत पुढचा धोका आकड्यात दिसत नव्हता. २०१३ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकण्याचा करार झाला.

नोंद: ही पद्धत बातमी खरी आहे का ते सांगते, ग्राहक उद्या काय विकत घेईल ते सांगत नाही. म्हणून ‘स्पर्धकाने काय आणले’ हा अकरावा रकाना. तो कागदावरून भरता येत नाही, दुकानात जाऊनच भरावा लागतो.

२१ सप्टेंबर

भारतीय उपकंपन्यांसाठी ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप पाच वर्षांची काढायला घेतली. मूळ कंपनीकडून घेतलेला माल, दिलेली रॉयल्टी, तांत्रिक शुल्क, निर्यात. रॉयल्टी भागिले विक्री हे गुणोत्तर दरवर्षी लिहायचे. वार्षिक एकत्रित उलाढालीच्या ५ टक्क्यांवर गेली तर इतर भागधारकांची मंजुरी लागते. ‘खरेदी करून विकलेला माल’ ही ओळ कच्च्या मालाच्या ओळीशेजारी ठेवायची. ती फुगत असेल तर कारखाना कमी आणि व्यापार जास्त होतो आहे, आणि नफ्याचे दर मूळ कंपनीच्या हातात जात आहेत.

२७ सप्टेंबर, शनिवार

परवा, २५ तारखेला, बॉशची बातमी आली: वाहन विभागात सुमारे १३,००० नोकऱ्या २०३० पर्यंत कमी करणार, कारण खर्च हवा त्यापेक्षा वर्षाला सुमारे २.५ अब्ज युरोने जास्त. वहीची ओळ भरली.

कायदेशीर नाव: रॉबर्ट बॉश जीएमबीएच. नोंदणी: नाही. ठिकाणे: फॉयरबाख, श्वीबरडिंगन, वायब्लिंगन, ब्यूल, होम्बुर्ग, सगळी जर्मनीत. पार्श्वभूमी: २०२४ ची गटाची विक्री ९०.३ अब्ज युरो, व्याज व कराआधीचा नफा विक्रीच्या ३.५ टक्के, ध्येय ७ टक्के. म्हणजे कपातीचे कारण कागदात आधीपासून होते.

सातपूरशी संबंध: बातमीत नाही. पण फॉयरबाख हे डिझेल इंजेक्शनचे जुने घर आणि सातपूरलाही इंजेक्टर-नोझलच होतात, म्हणून ओळ लगेच बंद केली नाही. जर्मनीत महाग पडणारे काम इकडे येऊ शकते, किंवा डिझेलच कमी होत असेल तर दोन्हीकडचे काम घटू शकते. यातले काय होते ते बॉश लिमिटेडच्या तीन ठिकाणी दिसेल: निर्यातीची विक्री, संबंधित पक्षांची टीप, आणि भांडवली खर्च. बाजाराला दिलेल्या सूचनांत कारखान्याबद्दल काही आले तर ते आधी.

निर्णय: पुन्हा पाहा. सप्टेंबर तिमाहीचे निकाल १४ नोव्हेंबरपर्यंत यायला हवेत. त्या तारखेला ओळ पुन्हा उघडायची.